इतिवृत्त, विषय क्रमांक चार

मी फक्त लिहून घेते.
अकरा वर्षं झाली, याच टेबलाच्या याच कोपऱ्यात:
कोण काय म्हणालं, अनुमोदन कुणाचं,
कॉफी किती वाजता आली एवढं सोडून सगळं.

त्या दिवशी विषय क्रमांक चार,
लोमविका गावची शाळा बंद करणे.
विद्यार्थी चौदा, छताला गळती दोन ठिकाणी,
आणि बोगद्यापलीकडे मोठी, उबदार, अर्धी रिकामी शाळा.
आकडे आधीच जुळलेले होते,
जुळवले की जुळतात तसे.

"मुलांचंही मत घेऊ," नगराध्यक्ष आइलिफ म्हणाले.
कायद्यात तसं आहे.
म्हणून मुलं आली, लोकरीचे मोजे ओले,
बूट दाराशी, रांगेत नाही, ढिगात.
त्यांच्यापुढे ठेवली बिस्किटं
आणि नव्या बसच्या सीटांचे तीन रंग:
निळा, हिरवा, आणि एक मला करडा दिसला
पण कागदावर त्याचं नाव "समुद्री" होतं.

मी तारीख घातली. समास सोडला.
"मुलांचे मत" लिहिलं, पुढे दोन टिंबं दिली
आणि पेन टेकवून थांबले.

मारेत उभी राहिली. नऊ वर्षांची,
बापाबरोबर रेनडिअर मोजायला जाणारी,
म्हणून कुठल्याही कळपात
काय कमी आहे ते आधी पाहणारी.
तिने रंगांकडे पाहिलंच नाही.
म्हणाली, "यातलं अजून काय ठरायचं राहिलंय?"

खोलीतला हीटर आवाज करतो
हे मला तेव्हा कळलं.

लहान तोंडी मोठा घास, असं कुणी म्हणालंही असतं.
पण घास तिने घेतलाच नव्हता.
तिने फक्त ताटावरचं झाकण उचललं
आणि ताटात काही नव्हतं.

मग हळूहळू बाकीचे बोलू लागले.
सिगबियर्न म्हणाला, बोगद्याच्या तोंडाशी वारा असा येतो
की धाकट्या बहिणीच्या दप्तरात तो दगड घालतो.
(वाऱ्याचा नकाशा आमच्याकडे होता.
त्यात दप्तरं नव्हती.)
कुणी म्हणालं, सूर्य उगवत नाही त्या दोन महिन्यांत
होडीवरून बाबाला गावातला पहिला दिसतो
तो शाळेच्या खिडकीतला दिवा.
एकजण काहीच बोलला नाही, बिस्किटाचे कोपरे कुरतडत बसला.
तेही मी लिहिलं.
इतक्या वर्षांत न बोलणं पहिल्यांदा लिहिलं.

ठराव त्या दिवशी झाला नाही.
तीन आठवड्यांनी झाला,
सात विरुद्ध सहा. शाळा बंद.
दुसरं काही सांगायला मलाही आवडलं असतं,
पण माझ्या वहीत ते चालत नाही.

मुलांना पत्र गेलं, नगराध्यक्षांच्या सहीचं:
"आम्ही तुमचे म्हणणे ऐकले."

आठ दिवसांत ते परत आलं.
त्या ओळीखाली पेन्सिलीची रेघ,
आणि समासात, गिरवून गिरवून ठळक केलेलं,
"कोणत्या वाक्यात?"

सगळे गेल्यावर मी एकटी बसले.
पहिला मसुदा, शेवटचा मसुदा,
शेजारी शेजारी, ओळीवर बोट ठेवून
सतरा पानं.
सापडलं एक. पान बारा, खालून तिसरं:
बसथांबा बोगद्याच्या तोंडापासून नव्वद मीटर अलीकडे,
पाठ उत्तरेला, तीन बाजूंनी बंद.

तेवढं वाक्य उतरवलं, पाकिटात घातलं.
सही करायचा अधिकार मला नाही, तरी केली.
खाली लिहिलं, "या एकाच वाक्यात. अजून नाही."

मग "अजून"वर जरा अडले.
"आणखी नाही" असाही तो वाचता येतो,
"आतापर्यंत नाही" असाही.
खोडायला रबर उचललं होतं.
ठेवून दिलं.